लीनाक्का येऊन राह्यली

परवा एका लग्नासाठी चंद्रपूरला गेले होते. अक्षता पडल्या, पंगत उठली, आणि "किती वाळली वं तू" आणि "किती सुटली वं तू" अशा दोन्ही चौकशा एकाच बाईच्या तोंडून ऐकल्यावर मी तिथून काढता पाय घेतला. जटपुरा गेटाच्या दिशेने चालत निघाले. थंडी ओसरत आलेली, ऊन अजून सोसवण्यासारखं होतं. तेवढ्यात मागून एक जीप आली. टपावर भोंगा, दोन्ही अंगांना नाटकाचे रंगीत फलक. "येऊन राह्यले, येऊन राह्यले, येऊन राह्यले! रसिक मायबाप हो..." पूर्वेच्या जंगलमुलखात, झाडीपट्टीतल्या कुठल्यातरी गावी पट होता, म्हणजे बैलांची शर्यत, आणि पट म्हटला की नाटक आलंच. जीप गेटातून आत शिरली, भोंग्याचा आवाज दगडी कमानीत घुमला, आणि मी भर रस्त्यात उभी राहून एकटीच हसायला लागले.

पानठेल्यावरचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय सांगू? एके काळी असाच एक भोंगा गावोगाव माझ्या नावाने ओरडत फिरला होता, आणि ते नाव माझं नव्हतंच.

पाय आपोआप आतल्या गल्लीत वळले. गजूभाऊंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान इथे होतं. आता शटर खाली ओढलेलं आहे आणि त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवल्या आहेत. दुकानाच्या कडेने वर जाणारा अरुंद जिना मात्र तसाच. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, भिंतीला हात टेकून टेकून पडलेली एक काळपट गुळगुळीत रेघ. वरच्या खोलीत आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, त्याच्या दिव्यांची उघडझाप खालून दिसते. मी पहिल्या पायरीशी थांबले. या पायऱ्यांवरच्या चपला पाहून आम्ही आमचे बरे-वाईट दिवस ओळखायचो.

वरची ती खोली म्हणजे आमचा रविवार.

दोन हजार सालाच्या आगेमागे, नागपूरहून आणलेल्या एका मासिकासोबत गजूभाऊंना एक सीडी मिळाली. लिनक्सची. संगणक चालवणारी ही प्रणाली जगभरच्या लोकांनी मिळून केलेली. ज्याला हवी त्याने घ्यावी, दुसऱ्याला द्यावी, आत शिरून बघावी, बदलावी, कुणी अडवणार नाही. बाकीच्यांना यात काय दिसलं कोण जाणे, पण गजूभाऊंचा अर्धा जन्म टीव्हीच्या मागची झाकणं उघडण्यात गेलेला. ते म्हणाले, "ज्याचं झाकण उघडता येत नाई, थे आपलं कायचं?" आणि त्यांनी दुकानावरची खोली झाडून घेतली.

मी तेव्हा एका क्लासमध्ये टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवत होते. आठवडाभर सगळे मला मॅडम म्हणत. मॅडमने प्रश्न विचारायचे नसतात, मॅडमला सगळं यायला हवं असतं. या खोलीत मात्र कुणालाच सगळं येत नव्हतं, आणि त्याची कुणाला लाजही नव्हती. पहिल्या रविवारी मी दारातच उभी राहिले, तर आतून गजूभाऊ ओरडले, "या जी, मॅडम, बसा. इथी सगळेच नापास हाय." मी चपला काढल्या आणि पुढची कितीतरी वर्षं तिथे काढत राहिले.

त्या खोलीचा वास मला कुठेही ओळखता येईल. खालच्या दुकानातून वर येणारा सोल्डरचा धूर, उन्हाळ्यात कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गारवा, गजूभाऊंच्या घरून वहिनींनी पाठवलेल्या चहातलं आलं, आणि या सगळ्यावर कोळशाची बारीक पूड. चंद्रपुरात खिडकी उघडी राहिली की संध्याकाळी की-बोर्ड पुसावाच लागतो. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडताना मोडेम असं किंचाळायचं, की गल्लीतली कुत्री त्याला उत्तर द्यायची. लाइट गेली की रविवारी जमणारे पोट्टे, म्हणजे पोरं, खिडकीत बसून चिवडा खायचे आणि लाइट आली की एकदम "आली!" म्हणून ओरडायचे, जणू कोणी पाहुणीच आली. नवी सीडी आली की तिच्या प्रती व्हायच्या. मग त्या शर्टाच्या खिशातून राजुऱ्याला जायच्या, गडचांदूरला जायच्या, चिमूरच्या बसमध्ये बसायच्या. ज्याचा संगणक सुरू झाला त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना तर्री-पोहे द्यायचे, असा रिवाजच होता. काहींचे संगणक मुद्दाम पुन्हा बंद पाडले जायचे, अशी माझी शंका आहे.

पण आमचा खरा कार्यक्रम भांडणाचा. पडद्यावर मराठी दिसायला लागली होती, आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसत होती. ती जागेवर आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग शब्दांवरून जुंपली. इंग्रजी शब्दांना मराठीत काय म्हणायचं? 'जतन करा' म्हणायचं की 'ठेवा'? एकेका शब्दावर दुपार जायची, आवाज चढायचे, खालून गिऱ्हाईक विचारायचं, "वर काय भानगड हाय जी?" ज्या फायलीत हे शब्द असतात ती उघडायची, शब्द बदलायचा, प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा आणि बघायचं. आपण लिहिलेला शब्द पडद्यावरच्या बटणावर उमटलेला पाहिला की काय वाटतं, ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मला फार भारी वाटायचं, एवढंच सांगते.

मग पोट्टे गेले. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, कोणी लग्न होऊन नुसतंच घरात. त्याची कारणं शोधण्यात अर्थ नाही. पिकलेली बोरं पडतात, तसंच ते. जिन्यावरच्या चपला कमी होत गेल्या. आधी खालच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या, मग मधल्या. आमच्या ईमेलच्या गटावर दर शनिवारी गजूभाऊंचं एकच वाक्य यायचं, 'उद्या या', आणि त्याखाली कुणाचंच उत्तर नसायचं. पुढे पुढे वर दाराशी फक्त तिघांच्या चपला राहिल्या. गजूभाऊंच्या, माझ्या, आणि नन्नावरे सरांच्या.

नन्नावरे सर सिंदेवाहीच्या पलीकडे पळसगावच्या शाळेत शिक्षक. रविवारी पहाटेची बस धरून यायचे, पिशवीत घरच्या धानाचे पोहे घेऊन. फार बोलायचे नाहीत. एखाद्या रविवारी आम्ही तिघं तीन खुर्च्यांवर बसून कूलरचा आवाज ऐकत असू, आणि कुणीही उठून जायला तयार नसायचं. उठलो तर संपलंच, हे तिघांनाही कळत होतं.

अशाच एका रविवारी गजूभाऊंनी विषय काढला. त्यांच्या जावयाची सिमेंटची एजन्सी होती आणि गोण्या ठेवायला जागा हवी होती. खोली नाहीतरी रिकामीच.

"पुढच्या रविवारी किल्ली देऊन टाकतो," गजूभाऊ म्हणाले. "किती दिवस तिघं मिळून भूत धरून बसाचं?"

मला एकदम रडू फुटलं. मी रागीट आहे, रडकी नाही, त्यामुळे दोघंही घाबरले. ती खोली गेली तर मी सातही दिवस नुसती मॅडम उरणार होते. जिथे मला चुकता येतं, भांडता येतं, नवं काही शिकता येतं अशी दुसरी जागा अख्ख्या चंद्रपुरात मला नव्हती. हे सगळं मी बोलले नाही, नाक पुसत "सिमेंट?" एवढंच म्हणाले.

नन्नावरे सर हळूच म्हणाले, "मंग जाता जाता एक कार्यक्रम करू ना जी. आमच्या गावाले पट हाय या हप्त्यात. नाटकाचा मंडप दिवसा रिकामाच राह्यते. जनरेटर हाय, माइक हाय."

"लोक कायले येईन?" गजूभाऊ.

"पटाले लोक येतेच जी."

सरांनी लगेच खालच्या पीसीओवरून पळसगावच्या बबनला फोन लावला. बबन म्हणजे त्या भागातला माइकवाला. नाटक असो, पट असो की हरवलेली म्हैस असो, जीपमध्ये बसून भोंग्यावर सांगायचं काम त्याचं. लाइन खराब. सर रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडत होते, "अरे बबन, शुक्रवारी दुपारी मंडपात लिनक्स हाय! लिनक्स! चंद्रपूरवरून येऊन राह्यली! सगळ्याईले सांग!"

तिकडून बबन म्हणाला, "हाव सर, समजलं." बबनला काय समजलं ते आम्हाला शुक्रवारी समजलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही गजूभाऊंच्या ओळखीच्या जीपमधून निघालो. मॉनिटर वहिनींच्या दुलईत गुंडाळून माझ्या मांडीवर, भाड्याचा प्रोजेक्टर गजूभाऊंच्या पोटाशी. मूल गाव मागे पडलं, मग दोन्ही बाजूंनी जंगल. सागाची पानं पिवळी पडायला लागलेली. मध्येच झाडं बाजूला होत आणि कापलेल्या धानाच्या बांध्या दिसत, त्यात रचलेल्या भाऱ्यांची पुंजणी. तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, तो गोडसर, कोरडा वास जीपभर. एका तलावाच्या पाळीवर बायका झिंगे वाळत घालत होत्या, तिथे वास बदलला. गजूभाऊंच्या गळ्यात दोरीला खोलीची किल्ली होती, ती ते वाटेभर चाचपत होते.

पळसगाव जवळ आलं तसा भोंगा ऐकू आला. आधी नुसता घुमारा, मग शब्द.

"येऊन राह्यली, येऊन राह्यली, येऊन राह्यली! पळसगावच्या भव्य मंडपात, आज दुपारी, खास पटानिमित्त, आपली लाडकी लीनाक्का! लीनाक्का! लीनाक्का!"

नन्नावरे सरांनी दोन्ही हात डोक्याला लावले.

"सर," मी विचारलं, "ही लीनाक्का कोण?"

"मॅडम," सर म्हणाले, "मले वाटते, थे आपणच हाव."

लिनक्स. लीनाक्का. त्या मुलखात नाटक म्हणजे जीव की प्राण, आणि नाटकात जाहिरात होते ती नायिकेची. खाली सिरोंच्याकडे तेलुगू बोलतात, तिकडे ताईला अक्का म्हणतात. बबनने हिशेब लावला, सिरोंच्याकडची कुणी नवी नायिका असणार. आणि एकदा भोंगा हातात आला की बबनला कोण आवरणार? तीन दिवस गावोगाव सांगत फिरला होता, लीनाक्काचं गाणं काय, लीनाक्काचा नाच काय.

गावात शिरलो तर रस्त्याच्या दुतर्फा माणसं. प्रत्येक घरी पाहुणे आलेले, लेकीबाळी माहेरी आलेल्या, अंगणाअंगणात वडे तळल्याचा वास. आमची जीप थांबायच्या आत बायका आत डोकावायला लागल्या. जीपमध्ये बाई एकच होती, चष्मा लावलेली, मांडीवर दुलई घेतलेली.

"हेच का वं लीनाक्का?"

"बाप्पा! लयच बारीक हाय."

"मेकअप केल्यावर दिसन ना बरी."

गावचे पोलीस पाटील गर्दीतून वाट काढत आले. माणूस घामाघूम झालेला. त्यांनी नन्नावरे सरांना बाजूला ओढलं आणि बारीक आवाजात विचारलं, "सर, खरं सांगजा. ही अक्का कोन्या दलमची त नाई ना?" जंगलात बंदुका घेऊन फिरणाऱ्या नक्षल टोळ्यांतल्या बायकांनाही अक्काच म्हणत, तीन दिवस भोंगा ऐकून त्या माणसाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मॉनिटरवरची दुलई काढून दाखवली तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. "टीव्ही हाय म्हना ना मंग," म्हणाले, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मंडप भरला होता. बांबू आणि कापडाचा केवढा तरी मोठा मंडप, आणि मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. सतरंज्या, चटया, पोरं, म्हातारे, पटातून आलेले पागोटेवाले, त्यांच्या अंगाला बैलांचा वास. रंगमंचाच्या कडेला नाटक कंपनीचे पेटीमास्तर पेटीवर डोकं टेकून झोपलेले. मी विंगेतून ती गर्दी पाहिली आणि गजूभाऊंना म्हणाले, "चला, परत जाऊ. हे मारतील आपल्याला."

गजूभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र कितीतरी महिन्यांत न पाहिलेलं हसू होतं. "मॅडम, आपल्या खोलीत तिघं नाई जमून राह्यलो, आन् इथी पाहा. आता तुमीच लीनाक्का. जा!" असं म्हणून त्यांनी मला चक्क ढकललं.

माइक हातात आला. मी म्हणाले, "नमस्कार." समोरून कुणीतरी ओरडलं, "लीनाक्का कुठी हाय?" मंडप हसला. आणि माझ्यातली रागीट बाई जागी झाली. मी म्हणाले, "तुमच्यासमोरच उभी आहे. नाचता येत नाही, गाता येत नाही. भांडता येतं. पाहायचं असेल तर बसा, नाहीतर पट आहेच."

मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज, "बस ना बे सगळे. बाई बोलून राह्यली त आयका." बसले. बबनने स्वतः येऊन माझा माइक नीट केला. त्याला आपली चूक कळली होती की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही.

आम्ही संगणक सुरू केला. पांढऱ्या पडद्यावर काळी पाटी आली आणि तिच्यावरून लिनक्स सुरू होतानाच्या ओळी सरसर वर धावायला लागल्या. संगणकाच्या आवाजाने म्हणा की उजेडाने म्हणा, पेटीमास्तर जागे झाले. पडद्याकडे पाहिलं, काहीतरी सुरू होत आहे एवढं त्यांना कळलं, आणि सवयीने त्यांनी नांदीचे सूर धरले. ओळी धावताहेत, पेटी वाजते आहे, आणि शेवटच्या सुरावर पडद्यावर मराठी उमटली. टाळ्या पडल्या. मी कितीतरी वेळा संगणक सुरू केला आहे, पण त्याला टाळ्या तेवढ्या एकदाच ऐकल्या.

पोरांसाठी चित्र काढायचा एक छोटा प्रोग्राम होता, तो मी उघडला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीला वर बोलावलं. तिने बैल काढला, बैलाला शिंगं काढली, आणि बंद करायला गेली तर समोर दोन बटणं आली. एकावर 'जतन करा', दुसऱ्यावर 'रद्द करा'. मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"रद्द काय असते जी?" खालून कुणी विचारलं.

"रद्द त आपली संध्याकाळची बस होते," दुसऱ्याने सांगितलं, आणि मंडपात हशा उसळला.

मी म्हणाले, "बरं, मग तुम्ही काय म्हणाल? समजा काही करायला घेतलं आणि मग वाटलं, नको. काय म्हणता?"

मंडप एका आवाजात म्हणाला, "राहू दे!"

आमच्या सगळ्या रविवारच्या भांडणांत हा शब्द कुणालाही सुचला नव्हता. मी गजूभाऊंकडे पाहिलं, गजूभाऊंनी माझ्याकडे. मी खाली बसले, शब्दांची फाइल उघडली, सगळ्यांच्या देखत 'रद्द करा' पुसलं आणि लिहिलं 'राहू दे'. पटाच्या मैदानातला हलगीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. प्रोग्राम पुन्हा सुरू केला. मुलीने पुन्हा बैल काढला, यावेळी शेपटीसकट. बंद करायला गेली. आणि पडद्यावरच्या बटणावर, हाताएवढ्या अक्षरांत, त्यांचा शब्द आला.

राहू दे.

काय झालं ते सांगते. शिट्ट्या वाजल्या, पागोटी हवेत गेली, पेटीमास्तरांनी पेटी बडवायला घेतली. म्हातारी माणसं एकमेकांना वाचून दाखवत होती. नायिकेच्या पहिल्या प्रवेशाला जो जल्लोष होतो, तो एका बटणाला झाला. लीनाक्का त्या क्षणी खरंच आली, असं मला वाटतं.

गलका ओसरल्यावर एक बाई उभी राहिली. ढिवराच्या घरातली, तलावाच्या मासोळीवर घर चालवणारी. पदर खोचून विचारलं, "हे फुकट काऊन देऊन राह्यले तुमी? याच्यात तुमचं काय हाय?"

मी म्हणाले, "बाई, तुमचा तलाव कुणाचा?"

"गावाचा."

"आणि जाळं?"

"ज्याचं त्याचं."

"तसंच हे."

तिने मान हलवली, पण खाली बसली नाही. "मंग गाळ कोन काढते?"

दरवर्षी तलाव आटला की अख्खं गाव उतरून गाळ काढतं, नाहीतर तलाव बुजतो. त्या बाईला ते माहीत होतं. तलाव कुणाचा हे कोणीही सांगतं, पण खरा प्रश्न तिने विचारला होता. मागून गजूभाऊ पुढे आले. हा माणूस माइकवर कधी बोललेला मी पाहिला नव्हता. गळ्यातली किल्ली मुठीत धरून ते म्हणाले, "बाई, आमी काढतो ना गाळ. दर इतवारी. पन आता आमी तिघंच राह्यलो. तिघाईनं तलाव उपसत नाई जी."

एवढंच बोलून ते मागे झाले. कुणी टाळी वाजवली नाही. पटातल्या जोड्या सुटायची वेळ झाली होती, लोक उठून मैदानाकडे गेले. आम्ही मॉनिटर दुलईत गुंडाळला, कुणीतरी दिलेले वडे खाल्ले आणि परत निघालो. येताना मूलपर्यंत गजूभाऊ हसत होते, आणि मूलच्या पुढे रडत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग तो रविवार आला. मी मुद्दाम उशिरा निघाले. किल्ली देताना पाहायचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो उभा, शेजारी जावईबापू घड्याळ पाहत. पण टेम्पोवाला पहिली गोणी खांद्यावर घेऊन जिन्याशी नुसताच उभा होता, वर जात नव्हता.

जाणार कसा? जिन्यावर चपला होत्या. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत, आणि खालच्या पायरीवरून रस्त्यावर. रबरी चपला, टायरच्या वहाणा, शाळेचे काळे बूट, कुणाच्या तरी लग्नातल्या चमचमत्या सँडल. धानाच्या बांधीतली माती लागलेल्या चपला. नन्नावरे सर पळसगावच्या पहिल्या बसने अख्खी वरात घेऊन आले होते. शाळेतली पोरं होती, त्यांचे बाप होते, सिंदेवाहीचे दोन शिक्षक होते, ती ढिवराघरची बाई लेकीला घेऊन आली होती, आणि बबन तर आधीच खिडकीत बसून चिवडा खात होता. इथलेही जुने पोट्टे कुणाकडून काय ऐकून आले होते देव जाणे, पण आले होते.

मी वर चढत होते तर प्रत्येक पायरीवर कुणीतरी बसलेलं. एका म्हाताऱ्याला विचारलं, "काय काम काढलंत भाऊ?"

म्हणाला, "गाळ काढाले आलो जी."

तेवढ्यात टेम्पोवाल्याने खालून वैतागून हाक दिली, "अवो भाऊ, गोनी कुठी ठेवू?"

गजूभाऊ वरच्या खिडकीत आले. खाली टेम्पो पाहिला, जावई पाहिला, जिना पाहिला. आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "राहू दे!"

जिना हसला, खोली हसली. जावईबापूही शेवटी हसले. किल्ली गजूभाऊंच्या गळ्यातच राहिली.

पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्या खोलीत जमलो. मग जमेना, माणसं मावेनात. एका शाळेने मोठी खोली दिली, मग मूलला एक रविवार सुरू झाला, मग ब्रह्मपुरीला. पळसगावच्या पटात दुपारचा मंडप आजही आमचा असतो, आणि आजही भोंगा लीनाक्काच ओरडतो. ते दुरुस्त करायची कुणाची छाती नाही. पहिल्यांदा ज्या मुलीने बैल काढला ती आता तिथे माइकवर उभी राहते, आणि लोक तिलाच लीनाक्का म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे थोडं वाटतं. तो वाळ्याचा गारवा, ते मोडेमचं किंचाळणं, तिघांनी कूलरचा आवाज ऐकत धरून ठेवलेल्या त्या दुपारी पुन्हा येणार नाहीत. पण ही खोली सुटली ती ओस पडून नाही, भरून वाहून सुटली.

गजूभाऊ आता लेकीकडे असतात. अधूनमधून फोन करतात आणि म्हणतात, "काय लीनाक्का, गाळ काढून राह्यली ना?" मी म्हणते, "हाव भाऊ."

परवा त्या जिन्याशी मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. भोंग्याची जीप गावाला फेरी घालून परत गेटाकडे निघाली होती, आवाज जवळ येत होता. मी वाकले आणि अगदी खालच्या पायरीवर चपला काढल्या. वरून दुकानातला मुलगा डोकावला.

"मॅडम, चपला घालून या जी. दुकान हाय हे."

मी म्हणाले, "राहू दे," आणि अनवाणीच वर चढले.